व्हाइट माउंटन राष्ट्रीय वनातील पायवाटा
अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर आणि काही अंशी मेन राज्यात पसरलेल्या या वनात सुमारे १,९०० किमी. लांबीच्या पायवाटा आहेत. बेसुमार वृक्षतोडीने डोंगर उघडे पडल्यावर १९११ च्या वीक्स कायद्याने सरकारला येथील जमिनी विकत घेता आल्या; १९१८ मध्ये वन स्थापन झाले. सर्वांत मोलाची वाट क्रॉफर्ड पाथ. एबल क्रॉफर्ड व त्यांचा मुलगा ईथन यांनी ती १८१९ मध्ये पाडली. सतत राबती राहिलेली ही देशातील सर्वांत जुनी डोंगरवाट मानतात. झाडी मागे टाकून ती उघड्या धारेवरून मौंट वॉशिंग्टनच्या (१,९१७ मी.) माथ्यावर पोहोचते. उंची माफक वाटली तरी फसू नये : माथ्यावर १९३४ मध्ये ताशी ३७२ किमी. वेगाचा वारा नोंदला गेला आणि भर उन्हाळ्यातही थंडीने गिर्यारोहक दगावले आहेत.