औशाची जामा मशीद : दगडावर कोरलेलं साल

लातूरहून दक्षिणेला साधारण २० किलोमीटरवर औसा. भुईकोट किल्ल्यामुळं हे गाव सगळीकडं माहीत आहे. पण इथली जामा मशीदही तेवढीच पाहण्यासारखी. तिचं वय अंदाजानं सांगावं लागत नाही. मशिदीचं नाव, सोहराब खानाचं नाव आणि बांधकामाचं साल शिलालेखातच आहे. आपल्या हिशेबानं ते साल येतं इ.स. १६८०.

कोणाच्या काळात बांधली?

औशाचा किल्ला १६३६ मध्ये शहाजहानच्या फौजेनं घेतला. मशीद त्यानंतरची, औरंगजेबाच्या काळातली. तेव्हा सोहराब खान इथं मोगलांचा अधिकारी होता. याच १६८० मध्ये, ३ एप्रिलला, रायगडावर शिवाजी महाराजांचं निधन झालं.

बांधणी विजापूरसारखी

सत्ता मोगलांची, पण मशिदीचा तोंडवळा विजापूरच्या जामा मशिदीसारखा. ती मशीद आदिलशाहीतली, शंभरेक वर्षं आधीची. मोठ्या घुमटासाठी आणि कमानींच्या रांगांसाठी प्रसिद्ध. विजापूर मोगलांच्या हाती पडलं १६८६ मध्ये. म्हणजे औशाची मशीद उभी राहिली तेव्हा तिथं अजून आदिलशाहीच होती. दोन राज्यांचं वैर होतं, तरी बांधणीची रीत इकडं आलीच.

साल कसं काढतात?

अशा जुन्या लेखांत साल बहुधा हिजरी असतं. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळं नुसते ६२२ मिळवून इसवी सन निघत नाही. १६८० चा बहुतेक भाग हिजरी १०९१ मध्ये येतो.

शिलालेख कसा जपायचा?

मशीद असो, मंदिर असो की गावची वेस, कोरलेल्या दगडावर ऑइल पेंट किंवा सिमेंट लावू नये. अक्षरं बुजली की गावाचा पुरावा गेला. खरवडूनही साफ करू नये. फोटो काढायचा तर आधी तिथल्या मंडळींना विचारावं, नमाजाची वेळ टाळावी. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. फोटो समोरून, सरळ धरून काढावा.

औशाची जुनी माहिती शोधताना एक लक्षात ठेवा. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधीचे कागद आणि गॅझेटियर उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या नावानं सापडतील.