पेठेतील धंदे आणि सेवेचा अधिकार : दोंडाईचा ते चाळीसगाव

खानदेशच्या व्यापाराचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात कापसाचे भाव येतात, जिनांची धुराडी येतात, रेल्वेचे फाटे येतात. त्या धुराड्यांखाली राबणारी माणसे मात्र क्वचितच येतात. हा इतिहास श्रमिकाच्या बाजूने वाचावयाचा तर दोन प्रश्न विचारावे लागतात. नव्या पेठेत कोणाला कोणते काम मिळाले, हा पहिला. रोख पैसे मोजावयास तयार असूनही कोणाला कोणती सेवा नाकारली गेली, हा दुसरा. पहिला प्रश्न अभ्यासक विचारतात. दुसरा बहुधा राहून जातो. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे गाव आहे. १९०० च्या सुमारास सुरतेपासून अमळनेरपर्यंत ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे एका रुळावर आली. १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा दोंडाईचा पश्चिम खानदेशात गेले. पुढे मिरचीच्या व्यापारासाठी ते नावारूपास आले. अशा रेल्वेकाठच्या पेठेला आडत्या आणि मापाडी लागतो, हमाल आणि गाडीवान लागतो, स्टेशनावर टांगेवाला लागतो. खाणावळवाला, न्हावी, धोबी यांच्यावाचूनही तिचे चालत नाही. गावगाड्यात ज्याचे काम जन्माने ठरलेले होते, त्याला येथे रोख मजुरीची वाट दिसली.

ही वाट किती मोलाची होती, हे समजण्यासाठी गावातील स्थिती आठवावी लागते. महारांची वतनी कामे १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने बांधलेली होती. सरकारी सांगावा पोचविणे, राखण करणे, अंमलदाराच्या दिमतीस राहणे ही कामे दिवसाची असोत वा रात्रीची, बिनबोभाट करावी लागत. मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुत्याच्या पेंढ्या. १९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच वेठीविरुद्ध. ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणून जिनातील मजुरी कष्टाची असली तरी ती हातावर पडणारी मजुरी होती. परंतु तिचेही गोडवे गाण्याचे कारण नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यातून वर्षाकाठी चार महिन्यांपेक्षा जास्त न चालणारे हंगामी कारखाने वगळलेले होते. कापसाच्या हंगामापुरते चालणारे जिन या सवलतीत बसत. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील जिनांविषयी जी साक्ष झाली, ती वाचवत नाही. बायका पहाटे चार-पाचला कामाला उभ्या राहात, रात्री दहाला सुटत, आणि हंगाम भरात असला की दिवसामागून दिवस, रात्रीमागून रात्री काम चाले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास अकरा ठरविले. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ साली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. शहरात जात गळून पडते, असे म्हणण्याची चाल आहे. अनुभव निराळा आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि तेथे विटाळ आडवा येई. रेल्वेतही तेच. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी दाखवून दिले की, अस्पृश्य कामगार बहुतांशी गँगमनच राहतो. स्टेशनवरील पोर्टर त्याला होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो. नेमणूक रेल्वेची, परंतु अट मास्तरांच्या स्वयंपाकघराची!

याच खानदेशात याहून बोलका प्रसंग घडला. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब १९२९ साली धुळे-चाळीसगाव भागात आले होते. २३ ऑक्टोबर रोजी ते चाळीसगाव स्टेशनावर उतरले. महारवाडा सुमारे दोन मैलांवर होता. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते, तरी पाहुण्यास तासभर थांबावे लागले. कारण नंतर कळले. अस्पृश्याचा टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. आपल्या पाहुण्याने पायी जावे, हे वस्तीला मान्य नव्हते. अखेर तडजोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. वस्तीतील एकाने लगाम हाती घेतला. त्याला सराव नव्हता. नदीवरील कठडा नसलेल्या फरशी-पुलावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या आत्मकथनपर टिपणात हा प्रसंग त्यांनी स्वतः नोंदविला आहे.

या प्रसंगाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. भाडे मिळत होते. म्हणजे बाजाराच्या नियमाने सौदा पुरा झाला होता. प्रवासी बॅरिस्टर होता, सरकारी समितीचा सदस्य होता. तरीही दिवसाच्या कमाईवर जगणाऱ्या टांगेवाल्यास आपण त्याच्यापेक्षा श्रेष्ठ आहोत असे वाटले. जातीने गरिबालाही एक खोटी श्रीमंती देऊन ठेवली होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी विधिमंडळात संमत झालेल्या सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने खुले करावयास सांगितले होते. टांगा, वस्तरा, इस्त्री या खाजगी सेवांना तो पोचत नव्हता.

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास नामक सोनाराचे नाव कोरलेले आहे. दात्यांच्या लेखांत पैठणचा गंधी आहे, राजवैद्यही आहे. कारागिराने आपला धंदा सांगून आपले नाव दगडावर ठेवावे आणि संघाच्या वास्तूत ते मानाने राहावे, अशी ही परंपरा. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी दोन हजार वर्षांनंतर धंदा हे माणूस नाकारण्याचे साधन व्हावे, ही आमच्या समाजाची अधोगती होय.

चाळीसगावच्या टांग्याचे उत्तर एकोणीस वर्षांनी दिले गेले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत आजच्या अनुच्छेद १५ चा मसुदा चर्चेस आला. ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ काय, अशी विचारणा झाली. बाबासाहेबांनी व्यापक अर्थ सांगितला : जो कोणी सेवा मागावयास येईल त्याला मालक आपली सेवा देण्यास जेथे तयार असतो, ते दुकान. केवळ आत पाऊल टाकण्याची मुभा त्यांना नको होती. अटी मान्य असल्या की सेवा मिळालीच पाहिजे, हा हक्क हवा होता. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरविला. १९७६ च्या दुरुस्तीने तोच नागरी हक्क संरक्षण कायदा झाला.

कायदा झाला; इतिहासलेखन मात्र अजून अपुरे आहे. जिनांच्या मालकांची चरित्रे लिहिली गेली, त्यांतील मजुरांची नाहीत. दोंडाईच्यासारख्या पेठांत केस कोण कापून देई, चहा कोणत्या कपात मिळे, गाडीवर कोण बसू देई, हे घराघरांतील वृद्धांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. वाचकांनी या आठवणी गाव, साल आणि धंदा यांसह लिहून ठेवाव्यात. पेठेचा खरा इतिहास आडत्याच्या वह्यांइतकाच या आठवणींतही आहे.