वाट चुकलेली विमानं : जमिनीवरच्या खुणांचा इतिहास

विमान अपघात म्हटलं की आपण आकाशाकडे बघतो. आज मात्र जमिनीवरचं बोलायचं आहे. तळावरून धावपट्टीपर्यंत विमान ज्या रस्त्यानं जातं तो टॅक्सीवे, आणि त्यावर रंगवलेल्या खुणा. लोणावळ्यात हा विषय समजावून सांगायला सोपा. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की समोरची गाडी दिसत नाही, रस्त्यावरचा पट्टा तेवढा सोबतीला असतो.

विमानतळावर धावपट्टीच्या खुणा पांढऱ्या आणि टॅक्सीवेच्या पिवळ्या. धावपट्टीच्या तोंडाशी चार पिवळ्या रेघा असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघा आपल्या बाजूला असल्या तर टॉवरच्या परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. नियम सोपा आहे. मग चूक कुठे होते?

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ एकमेकांच्या जवळ, आणि दोन्हीकडे साधारण पूर्व-पश्चिम धावपट्टी. जुलै १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. काही दिवसांनी ते तिथून उडवून नेलं. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ नं तीच चूक केली. या वेळी धावपट्टी संपली तरी विमान थांबलं नाही, आणि ते कायमचं निकामी झालं. बघा, मध्ये एकोणीस वर्षं गेली होती. रोज येणाऱ्या वैमानिकाला दोन्हींतला फरक पाठ असतो, खरी अडचण बाहेरून आलेल्याची असते.

टॅक्सीवेवर हीच गोष्ट किती महाग पडते, ते ८ ऑक्टोबर २००१ ला इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर दिसलं. सकाळ, दाट धुकं. एका छोट्या सेसना जेटला आर-५ या टॅक्सीवेनं जायला सांगितलं होतं. ते वळलं आर-६ वर, आणि आर-६ थेट धावपट्टी ओलांडत होता. वाटेत जमिनीवर ‘एस-४’ अशी खूण होती. वैमानिकानं ती वाचून टॉवरला कळवलीही. पण टॉवरमधल्या नकाशात एस-४ नव्हतंच! जमिनीवरचं रडार बंद होतं, धुक्यात डोळ्यांनी दिसत नव्हतं. सेसना धावपट्टीवर गेलं आणि उड्डाण घेणाऱ्या एसएएसच्या विमानाची त्याला धडक बसली. ११८ माणसं गेली, त्यांतली चार जमिनीवर काम करणारी होती.

आता तुम्ही म्हणाल, वैमानिक चुकला. चुकलाच. पण चौकशीत विमानतळाच्या खुणा, पाट्या आणि नकाशे हेही नियमाला धरून नसल्याचं निघालं. चुकलेल्या माणसाला ‘तू चुकलास’ असं सांगणारं तिथे काहीच उरलं नव्हतं.

इथेच आपला बोरघाट आठवतो. १८६३ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी इथे कॅच सायडिंग असतं, म्हणजे चढावर जाऊन संपणारी आडवाट. सांधा एरवी त्या आडवाटेकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, ताब्यात आहे अशी खात्री पटली, की मगच तो मुख्य मार्गाकडे फिरवतात. ब्रेक गेलेली गाडी चढावर जाऊन थांबावी, दरीत जाऊ नये, हा हेतू. म्हणजे माणूस चुकणार, यंत्र बिघडणार, हे आधीच गृहीत धरलेलं आहे.

विमानतळांनी हा धडा पुढे गिरवला. टॅक्सीवेवर लाल दिव्यांची आडवी रांग आली, ती विझल्याशिवाय पुढे जायचं नाही. जिथे वाट चुकण्याचा संभव जास्त, त्या जागा नकाशावर ‘हॉट स्पॉट’ म्हणून दाखवायची पद्धत रुळली. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं धावपट्टीवरची अशी घुसखोरी टाळण्यासाठी स्वतंत्र पुस्तिका काढली.

म्हणून कुठलीही खूण तपासायची तर पहिल्यांदाच तिथे आलेल्या माणसाला, धुक्यात, ती वाचायला सांगावी. आणि त्यानं चुकीची वाचली तर त्याला कोण थांबवणार, हे आधीच ठरवून ठेवावं.