हापूसची वळणाची वाट : कांद्याच्या गावाने आंब्यासाठी उघडलेले दार

१/ एप्रिल-मे महिन्यांत आंब्याने भरलेले ट्रक रात्री कशेडी घाट उतरून पोलादपुरात येतात आणि महाड-बिरवाडीचा टापू मागे टाकून मुंबईकडे धावतात. ही वाट वाशीच्या बाजारात संपते, असा सर्वसाधारण समज. परंतु २००७च्या हंगामात हापूसच्या काही पेट्या वाशीत विकल्या गेल्या नाहीत. सह्याद्री ओलांडून त्या नाशिक जिल्ह्यातील लासलगावला, म्हणजे कांद्याच्या गावाला गेल्या. तेथून परत मुंबईला आणि मग विमानाने अमेरिकेला. हा वळसा कशासाठी?

२/ आधी फळाचा स्वभाव पाहू. आंब्याची कलमे बांधण्याची पद्धत पोर्तुगीज काळात गोवा-कोकणात रुजली. ‘हापूस’ हे नावही अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून आले, असे मानले जाते. झाडावरून उतरवलेला हापूस पेंढ्याच्या अढीत काही दिवसांतच पिकतो. म्हणजे बागायतदाराच्या हाती वेळ मोजकाच. भाव पडला म्हणून माल थांबवून ठेवण्याची सोय धान्यात असते, आंब्यात नसते.

३/ दुसरी अडचण फळाच्या पोटातली. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापले, की आत फिकट, आंबट, स्पंजासारखा गर निघतो. कोकणात याला ‘साका’ म्हणतात. चीमा आणि दाणी या संशोधकांनी १९३४मध्ये या विकृतीची शास्त्रीय नोंद केली. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१मध्ये साक्यापासून मुक्त असलेली ‘रत्ना’ ही जात दिली. तरीही गिऱ्हाईक मागत राहिले ते हापूसच. प्रयोगशाळेने प्रश्न सोडवला, म्हणून बाजार तो सुटलेला मानतोच असे नाही.

४/ १९९०मध्ये महाराष्ट्र शासनाने फळबाग लागवडीची सांगड रोजगार हमी योजनेशी घातली. कोकणातल्या वरकस डोंगरउतारांवर मोठ्या प्रमाणात कलमे लागली. ही झाडे फळू लागली तेव्हा प्रश्न पालटला. आंबा पिकवायचा कसा, यापेक्षा तो विकायचा कोठे, ही चिंता मोठी झाली. एकाच बाजारावर विसंबणे धोक्याचे होते आणि परदेशातील मोठी दारे बंद होती. जपानने १९८६पासून भारतीय आंब्याला मज्जाव केला होता. अमेरिकेचे दारही सुमारे दोन दशके मिटलेले होते.

५/ अमेरिकेच्या नकाराचे मोठे कारण होते कोयकिडा. हा भुंगा कोयीच्या आत दडून बसतो. फळ वरून धुतले, पुसले, तपासले, तरी तो सापडत नाही. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ही कीड नव्हती आणि ती येऊ द्यायची नाही, हा तेथील कृषी खात्याचा आग्रह होता. आक्षेप चवीवर नव्हताच. फळ निर्धोक असल्याचा पुरावा हवा होता.

६/ हा पुरावा देण्याचे साधन उभे राहिले होते ते कांद्यासाठी. साठवणीतल्या कांद्याला कोंब फुटू नयेत, म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२मध्ये लासलगावला ‘कृषक’ (कृषी उत्पादन संरक्षण केंद्र) सुरू केले. तेथे कोबाल्ट-६०मधून निघणारे गॅमा किरण मालावर सोडले जातात. किरण आरपार जातात, पण माल किरणोत्सर्गी होत नाही. कांद्यासाठी अल्प मात्रा पुरते. आंब्यासाठी अमेरिकेने किमान ४०० ग्रे इतकी, कांद्याच्या कित्येक पट मात्रा ठरवली. तिच्यामुळे कोयीतल्या किडीची पुढची पिढी निपजत नाही.

७/ मार्च २००६मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश भारतात आले, तेव्हा अणुकराराच्या वाटाघाटींबरोबर आंब्याचाही विषय निघाला. लासलगावच्या केंद्रात आवश्यक बदल झाले, अमेरिकी कृषी खात्याची मान्यता मिळाली आणि एप्रिल २००७च्या अखेरीस पहिली खेप रवाना झाली. त्याआधी, २००६मध्ये, जपाननेही उष्ण बाष्पाच्या प्रक्रियेची अट घालून बंदी उठवली होती.

८/ मात्र यंत्र मिळाले म्हणून व्यापार सोपा झाला नाही. बागेची नोंदणी, मान्यताप्राप्त पॅकहाऊस, पेटीगणिक माग काढता येईल अशी नोंद आणि शिवाय अमेरिकी निरीक्षकांच्या भारतातील मुक्कामाचा खर्च, तोही निर्यातदारांच्या माथी. दोन-चार एकरांच्या बागायतदाराला हे एकट्याने पेलणारे नव्हते. म्हणून राज्य कृषी पणन मंडळाने सामायिक सुविधा उभारल्या आणि पुढे वाशीलाही विकिरण केंद्र झाले. कोकणच्या आंब्याचा लासलगावचा हेलपाटा त्यामुळे टळू शकला.

९/ उघडलेले दार पुन्हा मिटू शकते, हे लवकरच दिसले. २०१३मध्ये युरोपात भारतीय फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी आढळल्या. १ मे २०१४पासून, म्हणजे ऐन हंगामात, युरोपीय संघाने आंब्याला बंदी केली. परदेशासाठी राखलेला माल देशी बाजारात आला. त्यानंतर ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात फळ ६० मिनिटे ठेवण्याची प्रक्रिया रूढ झाली आणि २०१५च्या आरंभी बंदी उठली. करोनाकाळात अमेरिकी निरीक्षक येऊ न शकल्याने २०२० आणि २०२१ हे दोन हंगाम अमेरिकेविना गेले. २०२२मध्ये निर्यात पुन्हा सुरू झाली, तेव्हा देखरेखीचे काम भारतीय यंत्रणेकडे आले.

१०/ ऑक्टोबर २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर यांच्याबरोबर रायगड जिल्हाही त्यात आहे. म्हणजे महाड-पोलादपूरचा बागायतदारही नोंदणी करून आपल्या पेटीवर ते नाव लावू शकतो. कर्नाटकी आंबा हापूस म्हणून खपवला जातो, या जुन्या तक्रारीवर त्याला कायद्याचा आधार मिळाला.

११/ या साऱ्या वाटचालीत हापूसची चव बदलली नाही. बदलली ती फळाभोवतीची व्यवस्था : किरण, गरम पाणी, नोंदवही, मानांकन. कांद्यासाठी उभारलेल्या केंद्राने आंब्याचे दार उघडले खरे, पण त्या दारातून आत कोण जाणार, हे सामायिक सोयींनी ठरवले. जेथे पॅकहाऊस आणि प्रक्रिया केंद्र लहान बागायतदाराच्या आवाक्यात आले, तेथे तंत्राचा लाभ बागेपर्यंत पोहोचला. जेथे ते आले नाही, तेथे आंबा परदेशी गेला तरी बागायतदार दलालाच्या पट्टीवरच राहिला.