ठशांचे गणित



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण मुलांना सांगतो. पण न्यायाच्या त्याच कामात आपल्याच एका विद्यार्थ्याने जगाला मोठी देणगी दिली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले काझी अझीझुल हक बंगाल पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले. बोटांच्या ठशांची १,०२४ कप्प्यांत वर्गवारी करण्याचे गणिती सूत्र त्यांनी बसवले. सहकारी हेमचंद्र बोस यांनीही त्यात भर घातली. १८९७ साली कलकत्त्यात जगातील पहिले ठसे कार्यालय निघाले. १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ही पद्धत स्वीकारली. नाव मात्र वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांचे लागले!

हक यांच्या काळी हा विषय शिकवणारे विद्यापीठ नव्हते. आज गुन्हेशास्त्र मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, तर न्यायवैद्यक विज्ञान गांधीनगरच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिकता येते. २०२४ साली लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. म्हणजे प्रयोगशाळांना माणसे लागणार. शिवाय सरकारी वकील, प्रोबेशन अधिकारी, तुरुंग अधिकारी ही कामे आहेतच.

पालकहो, ठसा जसा गुन्हेगाराला पकडतो, तसाच निरपराध्याला सोडवतोही. मुलामुलींचे गणित-विज्ञान चांगले असेल, तर ही वाटही त्यांना दाखवा.