दीड पेनीचा दागिना

१७२२ साली लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या एका पोराने नामवंत सोनारावर दावा लावला. पोराचे आडनाव आर्मरी. सोनार म्हणजे पॉल डी लामेरी, त्या काळचा मोठा चांदीकारागीर. त्याच्या हातची भांडी आजही संग्रहालयांत जपलेली आहेत.

पोराला एक दागिना सापडला होता. त्याची किंमत काढायला तो पेढीवर गेला. दुकानातल्या उमेदवाराने वजन करण्याच्या निमित्ताने दागिना हातात घेतला, त्यातले नग गुपचूप काढले आणि मालकाला ओरडून सांगितले की याचे दीड पेनी होतात. मालकाने पैसे पुढे केले. पोराने ते घेतले नाहीत. माझी वस्तू मला परत द्या, एवढाच त्याचा हट्ट. तेव्हा उमेदवाराने त्याच्या हातावर रिकामे कोंदण ठेवले.

सरन्यायाधीश सर जॉन प्रॅट यांच्यासमोर हा दावा चालला. त्यांनी तीन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली, सापडलेल्या वस्तूचा पोरगा पूर्ण मालक नसला, तरी खरा मालक सोडून बाकी सगळ्या जगाविरुद्ध त्याचा हक्क टिकतो. दुसरी, नोकराने पेढीवर केलेल्या कामाची जबाबदारी मालकाची. तिसरी सर्वांत महत्त्वाची. नग गायब होते, मग किंमत कशी ठरवायची? त्या धंद्यातल्या जाणकारांना विचारण्यात आले की या कोंदणात बसेल असा उत्तमातला उत्तम नग केवढ्याचा असेल. न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले, सोनार नग हजर करून तो हलका असल्याचे दाखवत नसेल, तर तो सर्वोत्तमच होता असे धरा. ज्यूरीने तसेच धरले. ज्याने वस्तू दाबली, त्याला त्या अंधाराचा फायदा मिळाला नाही.

तीनशे वर्षांपूर्वीचा हा निकाल आजही जगभरच्या कायदा महाविद्यालयांत शिकवला जातो.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये अडकलेली वस्तू मागण्याचा आणखी एक, जुना दावा होता. पण त्यात प्रतिवादी आपल्या बाजूने शपथ घेणारे लोक उभे करून सुटू शकत असे. ही पद्धत १८३३ साली बंद झाली. शिवाय दावा जिंकला तरी वस्तू द्यायची की तिची किंमत, हे प्रतिवादीच ठरवत असे. वस्तूच परत कर, असा हुकूम देण्याचा अधिकार तिथल्या या न्यायालयांना १८५४ च्या कायद्याने मिळाला. म्हणजे आजीची अंगठी कोणी दाबून ठेवली, तर तोवर तो पैसे फेकून अंगठी ठेवून घेऊ शकत होता.

आता आपल्या फिकहकडे वळू. उर्दू शिकवताना अमानत, खयानत, गसब हे शब्द मी रोज फळ्यावर लिहितो. विश्वासाने सोपवलेली वस्तू ती अमानत, तिच्यात केलेली बेइमानी ती खयानत आणि दुसऱ्याची वस्तू हक्क नसताना ताब्यात घेणे म्हणजे गसब. बाराव्या शतकातल्या मर्गीनानी यांच्या ‘हिदाया’त गसबवर स्वतंत्र प्रकरण आहे. चार्ल्स हॅमिल्टन यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १७९१ साली प्रसिद्ध केले आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत ते वापरात आले.

हिदायातला मूळ नियम सरळ आहे. वस्तू शाबूत असेल तर तीच परत करायची. किंमत देऊन सुटका नाही. नष्ट झाली असेल, तर धान्यासारख्या वस्तूच्या बदल्यात तशीच वस्तू आणि जिच्यासारखी दुसरी मिळत नाही तिची किंमत. घेणारा म्हणाला की वस्तू नष्ट झाली, तर काझीने लगेच विश्वास ठेवायचा नाही. वस्तू असती तर याने एव्हाना काढून दिली असती, अशी खात्री होईपर्यंत त्याला कैदेत ठेवायचे आणि मगच भरपाईचा हुकूम द्यायचा.

किमतीवरून वाद झाला तर मात्र हनफी नियम वेगळा आहे. मालकाने पुरावा आणला नाही, तर घेणाऱ्याने शपथेवर सांगितलेली किंमत मानली जाते. इथे लंडनच्या न्यायाधीशांचा निकाल त्या पोराला जास्त उपयोगी पडला असता. पण पुढे वस्तू सापडली आणि ती जास्त किमतीची निघाली, तर भरपाई परत करून मालक आपली वस्तू घेऊ शकतो, अशी सोय हिदायात आहेच.

भारतात हा विषय १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात आला. आज १९६३ च्या कायद्याची कलमे ७ आणि ८ लागू आहेत. जुन्या कायद्यातली उदाहरणे वाचनीय होती. युरोपला निघालेला माणूस आपले फर्निचर दुसऱ्यावर सोपवून जातो आणि तो ते परस्पर गहाण टाकतो. दिवंगत चित्रकाराचे चित्र आणि चिनी मातीच्या दुर्मीळ फुलदाण्या भलत्याच्याच ताब्यात असतात. अशा वस्तूंना बाजारभाव नसतो, म्हणून न्यायालय त्याच वस्तू परत करायला लावू शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे हुकूमनाम्यात वस्तू न मिळाल्यास द्यायची रक्कमही लिहावी लागते. हुकूमनामा मोडणाऱ्याला दिवाणी कैदही होऊ शकते. हिदायातल्या काझीची इथे आठवण होते.

दावा, कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, जप्ती, मुदत. मराठी न्यायालयाची ही भाषा फारसी-अरबीतून आली आहे. आपल्या लोकांना हे शब्द परके नाहीत, तरी न्यायालयाची पायरी परकी वाटते. याची सर्वांत मोठी किंमत आपल्या मुली मोजतात. तलाकनंतर मुलगी अंगावरच्या कपड्यांनिशी माहेरी येते. दागिने, भांडी, शिलाई मशीन, कधी तर शाळेचे दाखलेसुद्धा सासरीच राहतात. जमातीचे चार लोक बसतात आणि म्हणतात, जाऊ द्या, सोडून द्या. सोडायचे नेहमी तिनेच.

१२ मार्च १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात दोन विरुद्ध एक मताने सांगितले की स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, सासरी नेल्याने ती नवऱ्याच्या भागीदारीची होत नाही. दिवाणी दावा करता येतो म्हणून अमानतीत खयानतीची फौजदारी तक्रार अडत नाही. बहुमताचा निकाल लिहिला होता न्यायमूर्ती मुर्तजा फजल अली यांनी. पुढच्याच महिन्यात शाहबानो निकाल आला आणि सगळा देश पोटगीवर भांडत राहिला.

त्या भांडणातून निघालेल्या १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्यात पोटगीपलीकडचे एक कलम आहे, ते फार थोड्यांना माहीत असते. कलम ३ प्रमाणे मेहर तर तिचाच. शिवाय लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर नातेवाइकांनी, मित्रांनी, नवऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी तिला दिलेली प्रत्येक वस्तू तलाकनंतर तिचीच. त्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही स्त्रीधन परत देण्याचा आदेश मिळू शकतो. नवरा-बायकोतला मालमत्तेचा दावा, कुटुंब न्यायालय असेल तिथे, त्याच न्यायालयात चालतो.

मुदत मात्र सांभाळा. अशा दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षे मिळतात. समेटाच्या बैठकांत ती सहज निघून जातात. म्हणून बैठका चालू असतानाच वस्तूंची यादी करावी, सोनाराच्या पावत्या आणि लग्नातले फोटो जपावेत, लेखी मागणी करून तिची पोच ठेवावी आणि वकिलाला वेळेत भेटावे. तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नसते.

आपल्याकडे परत मागणाऱ्याला भांडखोर म्हणतात आणि ठेवून घेणाऱ्याशी अदबीने बोलतात. धुराड्यातल्या त्या पोराकडे वशिला नव्हता, पावती नव्हती, दागिन्याची पूर्ण मालकीसुद्धा नव्हती. तरी त्याने दीड पेनी नाकारून वस्तू मागितली आणि न्यायालयाने नामवंत सोनाराला जाब विचारला. आपल्या मुलीचा हक्क तर त्याच्याहून कितीतरी पक्का आहे. पुढच्या बैठकीत कोणी ‘सोडून द्या’ म्हणाले, तर त्यांना एवढेच विचारा की वस्तू कुणाची आहे.