एक आण्याची शाळा

खानदेशचा शेतकरी शाळेसाठी पैसा जुन्या काळापासून देत आला. धुळे-जळगाव हा एकच जिल्हा होता (१९०६ साली त्याचे दोन झाले), तेव्हाची ही गोष्ट. साऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घेत. १८६९ साली त्याचा कायदा झाला. तिसरा हिस्सा शाळांचा, उरलेला बहुतेक रस्त्यांचा. शेतकऱ्यांचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला सुनावलेच होते.

१९५० च्या घटनेने दहा वर्षांचा वायदा केला. हक्क आला २००२ साली, ८६ व्या दुरुस्तीने. आम्ही कामगार संघटनेतली माणसे. करारात पगारवाढीबरोबर ती कोण, केव्हा देणार हेही लिहून घेतो. घटनेच्या २१-अ कलमात शाळेच्या खोल्यांसाठी पैशाचा आकडा नाही. आण्याच्या पट्टीत तो होता.